क्लेमच्या चहाचं पाणी

सायकलवाल्यांचा मला तिटकारा आहे आणि तो मी लपवत नाही. दरवर्षी शहरातून शेदोनशे जण निघतात, पोपटी-गुलाबी घट्ट चड्ड्या घालून आमच्या गव्हाच्या मुलखातून आठवडाभर पॅडल मारतात आणि प्रत्येक गावात "किती शांत आहे हो इथे!" म्हणून पुढे जातात. शांत असणारच. माणसं उरलीत कुठे?

यंदा आमच्या कोरुंबीत त्यांचं दुपारचं जेवण गुरुवारी ठरलं होतं. सोमवारी माझा भाऊ क्लेम गेला. दफन शुक्रवारी, आणि दफनानंतर गावाच्या हॉलमध्ये सगळ्यांना चहा. क्लेमच्या बायकोला, वॅल्डाला, मी म्हटलं, "त्या सायकलवाल्यांना कळव, येऊ नका म्हणावं."

"शब्द दिलाय, बेरिल," ती म्हणाली आणि स्कोनचं, चहाबरोबरच्या गोडसर पावांचं, पीठ मळायला लागली. नवरा गेलेली बाई परक्यांसाठी स्कोन भाजते! माझं डोकंच फिरलं, पण वॅल्डापुढे कुणाचं चाललंय?

हॉलच्या मागे पत्र्याची टाकी आहे. छपरावरचं पावसाचं पाणी तिच्यात साठतं. बाकी सगळं बोअरवर, आणि बोअरच्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास. त्याचा चहा करडा आणि खारट होतो. वर्षभर पाऊस नव्हता, घरोघरच्या टाक्या कोरड्या पडल्या होत्या, आणि हॉलचीही तळाला गेलेली. शुक्रवारच्या चहापुरतं पाणी आहे हे मी पत्रा ठोकून पाहिलं होतं. म्हणून 'फक्त पिण्यासाठी' अशी पाटी लावली. वॅल्डाने ती काढली.

"पाहुण्यांना पाण्यावरून बोलतं का कुणी?"

आमच्याकडे हे असंच. पाहुणा डोक्यावर बसला तरी हसायचं.

गुरुवारी ते आले. घामाचा आणि मलमाचा वास हॉलभर पसरला. "गहू नसलेलं काही आहे का?" एकीने मला विचारलं. गव्हाच्या गावात! जेवण उरकल्यावर वॅल्डा पाद्र्यांना भेटायला गेली आणि मी एकटी बश्या विसळत राहिले. मागच्या दाराने बाहेर आले तर पायाखाली चिखल. टाकीच्या नळाला पाइप जोडून ते सायकली धूत होते. साखळ्यांचं काळं वंगण ओघळून टाकीच्या बुडाशी त्याचं डबकं झालं होतं.

"अहो, हे काय चालवलंय?"

त्यांचा म्होरक्या रसेल हसला. "बाजूचा नळ बोअरचा आहे ना ताई. त्याने रंगावर पांढरे डाग पडतात. ही सायकल माझ्या गाडीपेक्षा महाग आहे."

मी पत्रा ठोकला. खालपर्यंत नुसता पोकळ आवाज.

"उद्या माझ्या भावाला पुरायचंय," मी म्हटलं. "त्याच्या चहाचं पाणी होतं ते."

रसेलचं हसू गेलं. "टँकर मागवतो. खर्च आमचा."

"टँकर सोमवारी येतो. बाटल्या काढा."

"काय?"

"तुमच्या बाटल्या! इथूनच भरल्यात ना? ओता या बादलीत."

गुमान ओतायला लागले. गुलाबी पाणी, पिवळं पाणी, कसली कसली ताकदीची पावडर कालवलेलं, त्यावर कुणाची तरी लाळ तरंगतेय. मी बादली तिथेच उलटी केली. शेवटी एक म्हातारी बाई पुढे आली. "ही घ्या. साधं पाणी आहे, तोंडही लावलेलं नाही." त्या बाटलीत जेमतेम एका किटलीपुरतं पाणी होतं. बाकीचे तोवर सायकलींवर बसलेही होते.

शुक्रवारी सगळ्या गावाला मी बोअरचा चहा दिला. कुणी तोंड वाकडं केलं नाही. वॅल्डासाठी त्या बाटलीतल्या पाण्याची वेगळी किटली ठेवली होती. तिने एक घोट घेतला, मग शेजारी बसलेल्या पाद्र्यांच्या कपातल्या करड्या चहाकडे पाहिलं.

"टाकीतलं पाणी कुठे गेलं, बेरिल?"

"सायकली धुतल्या त्यांनी."

तिने आपला कप बशीसकट माझ्या हातात दिला. "मला सगळ्यांचा आण."

"अगं, क्लेमच्या चहाला तरी—"

"आण म्हटलं ना."

आणला. तिने तो करडा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. रिकामा कप खाली ठेवत हळूच विचारलं, "ते लोक पोटभर जेवले ना गं?"

"जेवले," मी म्हटलं आणि रिकामा कप घेऊन स्वयंपाकघरात गेले. तिचा पहिला कप तिथे तसाच पडला होता. चांगलं पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून मीच एक घोट घेतला. त्या 'साध्या' पाण्याला लिंबाच्या पावडरीचा वास होता. तो घोट मी बेसिनमध्ये थुंकून टाकला.