कुंदाकाकूंचा सोऱ्या

मी एक जुना पितळी सोऱ्या आहे, मित्रांनो. चकल्या पाडायचा. सध्या जबलपूरला कुंदाकाकूंच्या स्वयंपाकघरात फळीवर बसलो आहे. शेजारी भाजणीचा भरलेला डबा आहे. आम्हा दोघांनाही यंदा काम नाही.

माझा जन्म इथल्याच रिछाई या कारखान्यांच्या वसाहतीतला. तिथल्या एका लहान कारखान्यात काकूंचे यजमान बळीराम लेथ चालवायचे. काकूंनी बाजारचे दोन सोरे मोडले, तेव्हा वैतागून त्यांनी स्वतःच मला घडवलं.

"घे, हा तुझ्याच्यानं काही मोडत नाही आता," ते म्हणाले. काकूंनी तोंड वाकडं केलं आणि यजमानांची पाठ वळताच मला पदराने पुसलं.

तेव्हा आमच्या वस्तीत कामाला तोटा नव्हता. शहरातल्या मोठ्या सरकारी कारखान्याची कामं रिछाईच्या लहान कारखान्यांना मिळायची. समोरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये विदर्भातली, बंगालची, कुठली कुठली माणसं राहायची. दिवाळीच्या आधी मी त्या सगळ्यांच्या घरी फिरायचो. त्यांतल्या सलोनीभाभी तर माझ्यातून होळीलाही शेव पाडायच्या. वस्तीचा एक रिवाज होता. मला रिकामं परत करायचं नाही, आपल्या घाण्यातली एक छोटी चकली पोटात ठेवूनच द्यायचं. आणि काकूंनीही मागायला जायचं नाही, कारण मागणं म्हणजे अविश्वास. मला हा रिवाज फार आवडायचा. खोटं कशाला बोलू, मी चांगलाच फुशारलो होतो.

मग कामं आटली. रिछाईतली शटरं एकेक करून उतरली, पोरं पुण्या-नागपूरला पांगली. बळीरामही देवाघरी गेले. त्यानंतर काकू मला पुसायला जरा जास्तच वेळ लावायच्या.

एका दिवाळीला क्वार्टरमधल्या मनीषाने मला नेलं. भाजणी दळून आली आणि त्याच आठवड्यात तिचा नवरा विष्णू अचानक वारला. दुःखाच्या वर्षी घरात तळण करत नाहीत. क्वार्टरही सोडावं लागलं. ती मुलाच्या फ्लॅटवर, शहराच्या दुसऱ्या टोकाला तिलवाऱ्याकडे राहायला गेली आणि खोक्यात बसून मीही गेलो.

"रिकामा कसा देऊ? पुढच्या दिवाळीला चकल्या करीन अन् मग नेऊन देईन," ती सुनेला म्हणाली.

पुढच्या दिवाळीला सुनेने चकल्या दुकानातून आणल्या. विकतची चकली माझ्यात ठेवायला मनीषाचं मन धजेना. त्याच्या पुढच्या वर्षी तिला लाज वाटू लागली. फोनवर दोघी बोलायच्या, गुडघेदुखी विचारायच्या, पण माझं नाव कुणीच काढायचं नाही. मी खोक्यात कळकून हिरवा पडलो होतो. काकू मला विसरल्या, असंच मी धरून चाललो.

यंदा मात्र मनीषाने मला चिंचेने घासलं, चकल्या पाडल्या, एक माझ्या पोटात ठेवली आणि रिक्षा केली. दार काकूंच्या नातीने, ऋचाने उघडलं.

"आजी नाही राहिली, मावशी. पंधरा दिवस झाले. कोणाकोणाला सांगायचं, मला काही सुचलंच नाही."

मनीषा उंबऱ्यावरच बसली. "माझी वाट पाहत होत्या काय गं?"

"हर दिवाळीला भाजणी करून ठेवायची. मी म्हटलं, नया ले आते हैं ना! तर नको म्हणे. मनीषा येईलच, म्हणे. दुःखाच्या घरी मागायला कसं जायचं, म्हणे."

"अन् मी रिकामा कसा देऊ, हेच करून राहिली," मनीषा म्हणाली आणि पदरात तोंड लपवून रडली.

मित्रांनो, मला कोरडं ठेवा, घासूनपुसून ठेवा, हे तर मी सांगीनच. पण कुणाची वस्तू तुमच्याकडे राहिली असेल, तर रिकामी का होईना, नेऊन द्या. तुमची राहिली असेल, तर लाजू नका, मागायला जा. काकू एकदा तिलवाऱ्याला आल्या असत्या, तर चहा झाला असता, दोघी बायका पोटभर रडल्या असत्या आणि मी पिशवीतून घरी आलो असतो.

आता हे घर दुःखात आहे. यंदा इथे कढई चढणार नाही. मनीषाची चकली अजून माझ्या पोटातच आहे. ऋचाने दोनदा झाकण उघडून पाहिलं आणि तसंच लावून टाकलं.