बाबांचा वेगळा विमा

"सगळ्यांना एकाच दोरावर टांगू नकोस गं," असं बाबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले तेव्हा मी हसण्यावारी नेलं. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला आरोग्यविम्यातही दोरच दिसणार. नवरा, मी, मुलगी आणि बाबा, आम्हा चौघांचा मिळून एकच विमा स्वस्त पडत होता. वर्षभरात मिळेल ती रक्कम सगळ्यांत सामायिक. मी सही करून मोकळी झाले.

त्याच वर्षी माझ्या मुलीला न्यूमोनिया झाला. अकरा दिवस दवाखाना. पोर बरी झाली, पण सामायिक रक्कम जवळजवळ संपली. विम्याचं वर्ष भरायला अजून चार महिने होते.

तिला शाळेतून बाबाच आणत. एका दुपारी मी वरून वाकून पाहिलं, तर दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून ते स्वतःच्या बुटाची नाडी बांधत असल्यासारखे वाकले होते. पायात चपला होत्या.

कधीपासून दम लागतोय, विचारलं तर आधी उडवून लावलं. मग म्हणाले, "विम्याचं नवं वर्ष लागू दे, मग दाखवू. उरलंसुरलं पोरीला राहू दे."

रडू आलं, रागही आला. दुसऱ्या दिवशी ओढतच डॉक्टरांकडे नेलं. हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झाली होती. सध्या गोळ्यांवर भागेल, पुढे शस्त्रक्रिया लागेल, असं कळलं.

नूतनीकरणाच्या वेळी मी ज्येष्ठांच्या वेगळ्या विम्याचा अर्ज आणला. त्यात आधीच्या आजाराला दोन वर्षं काही मिळणार नव्हतं. खोटं कशाला सांगू, आजारांचा रकाना मी कोराच ठेवला होता. बाबांनी चष्मा लावून अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि ठसठशीत अक्षरात आजार लिहिला.

"बिघाड लपवून मी कधी लिफ्ट चालू करून दिली नाही."

तोडगाही त्यांनीच काढला. नवा विमा आजच घ्यायचा, म्हणजे ती दोन वर्षं सुरू होतील. ती संपेपर्यंत जुन्यातही राहायचं. नवा दोर बसल्याशिवाय जुना सोडत नाहीत म्हणे. मी पदवीधर, आठवडाभर तक्ते मांडत बसले होते. मला हे सुचलं नव्हतं.

"मला काय धाड भरलीय" म्हणणारं कुणीतरी तुमच्याही घरात असेल. आज त्यांच्याजवळ जाऊन बसा. विचारा, आणि पहिल्या उत्तरावर उठू नका.