कासियानोचा जीव

"शर्ट घट्ट धर गं झेनोबिया, आणि तोंड दाराकडे कर," असं म्हणत मी तिच्या नवऱ्याच्या छातीवर ईसीजीची शेवटची वायर चिकटवली.

आमच्या खोऱ्यात उघड्या अंगानं निपचित पडलेल्या माणसाचा जीव भटकायला निघतो. म्हणून बायको त्याचा शर्ट हलवत हाका मारते आणि बाहेरून त्याचा कुणी भाऊबंद त्या जिवाच्या वतीनं ओ देतो. जो ओ देईल त्याच्या घरी जीव जातो, म्हणून परक्यानं तोंड उघडायचं नाही. शहरातून आलेल्या डॉक्टरांनी ही थेरं बंद केली, तर लोकांनी दवाखान्याकडे पाठच फिरवली. तेव्हापासून डॉक्टर नसले की मी, इथली नर्स, हाका मारू देते. हसायचं त्यानं हसावं.

कासियानो भिंती लिंपायचा. मातीच्या भिंतींच्या भेगांत विंचुका किडे राहतात. ते चावतात, त्यांच्यातला जंतू रक्तात शिरतो आणि वीस-वीस वर्षं हृदय आतून पोखरत राहतो. माणसाला पत्ताही नसतो. कासियानोचा भाऊ फेर्मिन कार्निव्हलमध्ये नाचता नाचता खाली बसला, तो उठलाच नाही.

"निकानोराताई, मला काय धाड भरलीय? कालच चार पोती चुना शिडीवर चढवला."

"गप पड. बोललास की रेघ बिघडते."

मशीन सुरू झालं. झेनोबियानं हाक मारली, "कासियानो, ये रे! घरी चल!"

ओ द्यायला त्याचा चुलता यायचा होता. तो आलाच नव्हता. खिडकीतून मला अख्खं अंगण दिसत होतं, त्यात चिटपाखरू नव्हतं.

"येतोय," बाहेरून आवाज आला. घोगरा, दमलेला.

त्याच क्षणी पट्टीवरचे दोन ठोके गायब झाले. नुसती सरळ रेघ. मग ठोके पुन्हा सुरू झाले.

"फेर्मिन!" झेनोबिया किंचाळली. "न्यायला आलाय मेला! काढा त्या वायरी!"

कासियानो अर्धवट उठला. आता हा दवाखान्यातून गेला की पुन्हा यायचा नाही, हे मला दिसत होतं. हृदय अजून फारसं बिघडलं नव्हतं, वेळेवर पेसमेकर बसला तर तो जगणार होता.

"फेर्मिन कुठला? मीच ओ दिली," मी म्हटलं.

"आवाज बाप्याचा होता!"

"सर्दी झालीय मला, आणि तोंड खिडकीबाहेर होतं. गेलं तोंडातून निघून."

आपण काय बोलून बसलो ते मला कळत होतं. झेनोबिया माझ्याकडे चोराकडे बघावं तशी बघत राहिली. कासियानो मात्र हळूहळू पुन्हा आडवा झाला.

"ताईकडे ना? फेर्मिनकडे तर नाही?" तो म्हणाला. "मग राहू दे. जीव इथं सांभाळलेला असला की शहरातल्या डॉक्टरांना काय कापायचं ते कापू दे."

त्याच आठवड्यात तो ट्रकनं शहरात गेला. त्याचा शर्ट माझ्या घरी आला. झेनोबिया रोज त्या जिवासाठी वाडगाभर मक्याची पेज आणून ठेवायची, माझ्याशी अवाक्षर न बोलता. मी वाडगा टेबलावर माझ्या समोरच्या खुर्चीपुढे ठेवायचे. सुरुवातीला माझं मलाच हसू यायचं. पुढे मी बोलायला लागले. डॉक्टरांची चुगली, गुडघ्यांची रड, काय वाटेल ते. सकाळी पेज बोटभर कमी झालेली असायची. माझ्या घरात मांजर नाही.

तीन महिन्यांनी कासियानो आला. गळ्याच्या हाडाखाली पेसमेकरचं टेंगूळ, चेहऱ्यावर रंग.

"माझ्या जिवानं त्रास नाही ना दिला, ताई?"

"नाही रे."

झेनोबियानं माझ्या दारात शर्ट हलवून हाक मारली. कासियानोनं स्वतःच ओ दिली. निघताना तिनं माझे दोन्ही हात धरले, आणि मग ती दोघं हसत उतारावरून गेली.

मी आत आले. समोरची खुर्ची टेबलाखाली सारली. एकोणीस वर्षं मी या घरात एकटी राहतेय. त्या दुपारी मला पहिल्यांदाच तिथल्या रिकामेपणाची भीती वाटली.