मिंगाचे तारे

मित्रांनो, माझ्या काचेवरची लांब चीर पाहून हात मागे घेऊ नका, ती टोचत नाही. मी एक जुना टॅब आहे. इक्वेडोरच्या उंच डोंगरात, पुकारुमी गावच्या एका खोलीच्या शाळेत मी राहतो. राहतो खरा, पण स्वस्थ राहणे मला कधी जमले नाही.

कारखान्यात माझ्या पोटात गणिताचा अख्खा अभ्यासक्रम भरला आणि भावंडांसोबत दुधाच्या गाडीतून मला वर आणले. प्रत्येक मुलाला एक टॅब मिळाला. मी तामियाच्या वाट्याला आलो. बरोबर उत्तराला हिरवा तारा द्यायचा आणि चुकीला लाल फुली, एवढेच माझे काम. गावात इंटरनेट नव्हते. बाजाराच्या दिवशी शाळेच्या झोइला बाई आम्हाला पिशवीत घालून खालच्या शहरात नेत आणि तिथून आम्ही मुलांचे गुण शिक्षण खात्याच्या कचेरीत पाठवत असू.

सुरुवातीला सगळे ठीक चालले. मग अपूर्णांक आले आणि तामियाचे बोट माझ्यावर अडखळू लागले.

या गावाची एक रीत आहे. पाट साफ करायचा असो की कोणाचे छप्पर घालायचे असो, सगळे मिळून राबतात. त्याला मिंगा म्हणतात. मुलांनी अभ्यासाचीही मिंगा केली.

“यारिक, माझंही करून दे ना रे,” तामिया वर्गातल्या हुशार मुलाला म्हणाली.

“देतो की. तू माझ्या मेंढ्या हाक, मी तुझे अपूर्णांक हाकतो.”

त्यात आपण काही वावगे करतो आहोत, असे दोघांनाही वाटले नाही. यारिकचे बोट कडक आणि घाईचे. ते टकटक चालले की माझ्यावर ताऱ्यांची रांग लागे. हळूहळू वर्गातले सगळे टॅब त्याच्याकडे जाऊ लागले. बोट कोणाचे आहे ते मला कळत होते, पण ते नोंदवायला माझ्यात जागाच नव्हती. मी ‘तामिया : उत्तम’ असे कळवत राहिलो आणि आतून तापत राहिलो. बाईंना वाटे, माझी बॅटरी बिघडली.

वर्षअखेरीस कचेरीतून एरासो साहेब आले. हा अभ्यासक्रम कितपत उपयोगी पडला, ते त्यांना ठरवायचे होते. मला हातात घेऊन ते खूश झाले.

“बाई, तुमची मुलं तर आपली आपणच शिकतायत! आता खालच्या मोठ्या शाळेत या तुम्ही. इथे टॅब आहेतच. आठवड्यातून एकदा कोणी चक्कर मारेल.”

बाईंचा चेहरा उतरला. “साहेब, एखादं उदाहरण तरी विचारा मुलांना.”

“यंत्रानं वर्षभर विचारलंय की!”

साहेब बाईंच्या बदलीचा कागद काढू लागले. माझी काच काळी करून टाकावी, नाही तर मोठ्याने किंचाळावे, असे मला झाले. तेवढ्यात तामिया उभी राहिली. यारिकने तिची शाल ओढली. “बस खाली! मार खायचाय का?”

“साहेब, बाईंना नेऊ नका,” ती म्हणाली. “ते तारे मिंगाचे आहेत.”

“म्हणजे काय?”

“यारिकनं मिळवले. मी त्याच्या मेंढ्या हाकल्या.”

“फुकट नाही हां साहेब,” यारिक घाईने म्हणाला. “काम केलंय तिनं.”

साहेबांनी तामियाला विचारले, “अर्धा मोठा की एक तृतीयांश?”

“तृतीयांश. तीन मोठे असतात ना?”

वर्ग खुदखुदला. साहेब मात्र लालबुंद झाले. “बाई, हे सगळं तुमच्या डोळ्यांदेखत?”

“मलाही हिरवंच दिसत होतं, साहेब,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “पण कुठून सुरुवात करायची ते आता कळलंय. मला इथेच राहू द्या.”

साहेबांनी बदलीचा कागद घडी करून खिशात घातला. “पुढच्या परीक्षेपर्यंत,” ते म्हणाले, आणि माझ्यातले सगळे तारे पुसून टाकले. इतके हलके मला कधीच वाटले नव्हते.

बाईंनी मिंगा मोडली नाही. “यारिक, समजावताना तोंड चालव, हात खिशात,” एवढाच नवा नियम केला. उत्तर निवडण्याआधी प्रत्येकाने ते मोठ्याने समजावून सांगायचे. तामियाने स्वतः उत्तर निवडले आणि मी लाल फुली दाखवली. बाई तिच्याजवळ बसल्या. त्यांनी एका उकडलेल्या बटाट्याचे दोन भाग केले आणि तेवढ्याच दुसऱ्याचे तीन.

“भूक लागलीय ना? कोणता तुकडा घेशील?”

तामियाने चटकन अर्धा उचलला, तोंडात कोंबला आणि थबकली. भरल्या तोंडानेच ती ओरडली, “अगं बाई, अर्धाच मोठा!”

आता माझ्या पोटातला अभ्यासक्रम जुना झाला आहे. लहान मुले माझ्यावर चित्रे काढतात, कधी मला उन्हात विसरतात. तरी मित्रांनो, माझे मागणे वेगळेच आहे. तुमच्या हाती माझ्यासारखा कोणी आला, तर त्याची काच जपाच. पण त्याने तारा दिला की लगेच उठून जाऊ नका. शेजारच्याला सांगून बघा, ते उत्तर कसे आले. सांगता नाही आले, तर तो तारा अजून तुमचा झालेला नाही.