सुतारशाळेच्या खोलीतली आखूड पायाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. बाभळीची. माझा एक पाय आखूड आहे, म्हणून आता माझ्यावर कुणी बसत नाही, नुसत्या फायली ठेवतात. जालना जिल्ह्यातल्या एका छोट्या तुरुंगात माझं सारं आयुष्य गेलं. गुन्हा काही केला नाही, तरी जन्मठेप भोगते आहे. आता त्याचंही काही वाटत नाही.

१९९१ साली तुरुंगाच्या सुतारशाळेत माझा जन्म झाला. देवानंद मिस्त्री तिथं कैद्यांना शिकवायचे. मला घडवलं कारभारी नावाच्या कैद्यानं. तो परतूरकडचा. दारूपायी विहिरीवरच्या मोटारी चोरायचा. मी त्याची पहिली खुर्ची. तीन पाय जमले, चौथा आखूड कापला गेला. मिस्त्री रागावले नाहीत. सुटायच्या आधी हा पाय बदलून नीट बसवलास, तर नवीन जालन्यात माझ्या भावाच्या दुकानात तुला काम मिळेल, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवसापासून कारभारी रंधा सोडायला तयार नसे.

पुढच्याच महिन्यात कैदी सुधारणारी एक संस्था आली. ती परदेशातल्या कुठल्याशा पंथाची होती, पण फलकावर पंथाचं नाव नव्हतं. शंभरातले नव्वद कैदी सुधारतात, असं त्यांच्या पत्रकात छापलं होतं. जेलरसाहेब भला माणूस, पाहुण्यांना नाही म्हणणं त्यांना जमत नसे. त्यांनी सुतारशाळेची खोलीच देऊन टाकली. हत्यारं पेटीत गेली आणि पेटीला कुलूप लागलं.

मग माझ्यासमोर दुसरी खुर्ची मांडली गेली. दोन कैद्यांनी समोरासमोर बसायचं आणि पापणी न हलवता एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं, तासन् तास. हसू आलं की पुन्हा पहिल्यापासून. यानं म्हणे व्यसन सुटतं. कारभारीसमोर, माझ्यावर, रामराव नावाचे कैदी बसत, त्याच्या वडिलांच्या वयाचे. वडीलधाऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणं त्याच्या अंगातच नव्हतं. तो सारखा खाली, माझ्या आखूड पायाकडे बघायचा आणि नापास व्हायचा. शेवटी तेही जमलं. हार घालून त्याला प्रमाणपत्र दिलं, फोटो काढला.

त्या कार्यक्रमात मिस्त्रींनी एकच विचारलं. सुटलेल्यांपैकी परत किती आले, ते कोण मोजतं? जो परत येतो त्याचा अभ्यासक्रम नीट झालेला नसतो, म्हणून तो मोजणीत धरायचा नाही, असं संस्थेकडून उत्तर आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला फार वाईट वाटलं.

कारभारी सुटला. दुकानात गेला, पण त्याला साधी चौकट जोडता येईना. पाच महिन्यांनी मोटारीच्याच चोरीत तो परत आला. तोवर संस्था निघून गेली होती आणि मिस्त्रींची बदली झाली होती. जेलरसाहेबांनी प्रमाणपत्राबद्दल विचारलं, तेव्हा कारभारी खाली न बघता बोलला.

"साहेब, म्हणाल तितका वेळ पापणी न हलवता बसतो. पण बाहेर त्याचं काम कुणी देत न्हाई. मिस्त्री मला रंधा शिकवून राह्यले होते, तेवढं पुरं होऊ द्यायला पाह्यजे होतं."

साहेबांनी पेटी उघडायला लावली. रंध्याचं पातं गंजलं होतं, आणि शिकवणारं कुणी उरलं नव्हतं.

मित्रांनो, कुणी माणसं सुधारल्याचं सांगितलं, तर टाळ्या वाजवण्याआधी त्यांच्या हाताला काय शिकवलं ते विचारा. कारभारीनं त्या दिवशी प्रमाणपत्राची घडी करून माझ्या आखूड पायाखाली सरकवली. ती अजून तिथंच आहे. मी मात्र अजून डुगडुगते.