वळणावरचं रबर

वीरधवलच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. दिवाळीनंतर ते आलं, तो चालवतो त्या धावपटू मंडळाच्या छापील कागदावर, वर पळणाऱ्या माणसाचं चित्र असलेलं. तेव्हापासून ते माझ्या टेबलावर पेपरवेटखाली होतं. उत्तर लिहायला बसलो की पहिली ओळ फार मऊ वाटायची, दुसरी फार उद्धट, आणि तिसरीपर्यंत मी कधी पोचलोच नाही. सगळं आयुष्य इस्लामपुरात महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलं. इतक्या पुस्तकांत वावरून चार ओळींचं पत्र जमू नये!

पत्रात असं होतं:

'आदरणीय सुमंत सर, सप्रेम नमस्कार. गेल्या वर्षीच्या दौडीत जो प्रकार झाला तो मनात ठेवू नये. वयोमानानुसार असं होऊ शकतं, हे आम्ही सर्व जाणतो. यंदा ज्येष्ठ प्रेरणास्थान म्हणून शाल, श्रीफळ देऊन आपला सत्कार करण्याचं मंडळानं ठरवलं आहे. होकार कळवावा.'

वयोमानानुसार काय होऊ शकतं? तर माणूस अर्ध्यातून माघारी फिरतो आणि पूर्ण पळालो म्हणून सांगतो. त्या एका शब्दात त्यांनी मला लबाड ठरवलं होतं आणि वर माफही करून टाकलं होतं.

मी निवृत्तीनंतर पळायला लागलो. लोक कारण विचारतात. मला एकच सापडलं आहे: पळताना कुणाशी बोलावं लागत नाही. वाचनाचंही तसंच आहे. सकाळी कालव्याच्या रस्त्यानं उसातून जायचं, परत यायचं. वेग म्हणाल तर शेळ्या वाट देत नाहीत, एवढाच. तरी मागच्या जानेवारीत मंडळाच्या दहा किलोमीटरच्या दौडीत नाव घातलं. बाजार समितीच्या मैदानातून निघायचं, पाच किलोमीटरवर पुढच्या गावच्या कमानीपाशी वळायचं आणि त्याच रस्त्यानं परत. तोडणीचा हंगाम होता, पण दौड संपेपर्यंत उसाचे ट्रॅक्टर नाक्यावर थांबवले होते.

आमच्या दौडीत बुटाला चिप वगैरे नसते. वळणावर एक स्वयंसेवक उभा असतो आणि प्रत्येकाच्या मनगटात एक रंगीत रबर घालतो. शेवटी टेबलावर ते दाखवायचं. रबर असेल तर तुम्ही वळणापर्यंत गेलात. नसेल तर नाही.

कमानीपाशी शिवतेज होता. परीक्षेच्या दिवसांत ग्रंथालयातली खिडकीजवळची खुर्ची धरून बसणारा मुलगा. आता वीरधवलच्या ठिबक सिंचनाच्या दुकानात कामाला आहे. मला पाहून तो पळतच पुढं आला.

"आवं सर! तुमी?" म्हणाला आणि भर रस्त्यात पाया पडला. मला थांबावंच लागलं. मी धापा टाकत हात पुढं केला.

"तुमाला कसलं रबर घालायचं, सर? पोरं मधनंच माघारी फिरत्यात म्हणून ही भानगड. तुमच्यावर कोण संशय घेतंय? पळा तुमी!" असं म्हणून त्यानं माझ्या तळहातावर लिमलेटची गोळी ठेवली.

मी रबर मागून घ्यायला हवं होतं. पण मागितलं असतं तर त्याच्या आदराचा अपमान झाला असता, असं त्या क्षणी वाटलं. आणि बरंही वाटलं, हे कशाला लपवू? गोळी चघळत मी परत निघालो.

मैदानात वीरधवल माइकवर होता. "हे बघा, आले आपले सुमंत सर! पासष्टच्या पुढच्या गटात सगळ्यात पहिले! जोरदार टाळ्या!" टाळ्या झाल्या. मग टेबलावरची मुलगी म्हणाली, "काका, रबर?"

"वळणावर दिलं नाही."

"सगळ्यांना दिलंय, काका."

वीरधवल माइक घेऊनच जवळ आला. त्यानं माइकवर हात ठेवला, पण नीट ठेवला नाही. "सर, दमला असाल आणि मधनंच वळला असाल, तर त्यात काय लाजायचं नाही," हे त्याचं वाक्य सगळ्या मैदानानं ऐकलं.

"मी कमानीपर्यंत गेलो होतो," मी म्हणालो. माझा आवाज माइकपर्यंत पोचला नाही. तो कधीच कुठं पोचत नाही.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "सरांनी मधली पानं गाळली रं!"

हशा पिकला. माझ्याकडून पुस्तकं नेलेली पोरंही त्यात होती. मागून येणाऱ्या काहींनी मला परतताना पाहिलं होतं. पण परतताना पाहिलं म्हणजे सर वळणापर्यंत गेले होते असं काही होत नाही, असं वीरधवल म्हणाला, आणि तर्क म्हणून ते बरोबरच होतं. थोड्या वेळानं टेम्पोतून शिवतेज आला. मी त्याच्याकडं पाहिलं. तो मान खाली घालून पाण्याचे रिकामे जार उतरवायला लागला. आमच्या गटातला पहिला क्रमांक उदयसिंहांना मिळाला. ते फौजेतले निवृत्त सुभेदार आणि वीरधवलचे सासरे. माझ्यानंतर बऱ्याच वेळानं आले होते, पण त्यांच्या मनगटात हिरवं रबर होतं.

घरी आल्यावर गोदावरीनं सगळं ऐकून घेतलं. गरम पाण्याची बादली काढून दिली. मग न्हाणीघराच्या दाराबाहेरून म्हणाली, "अहो, एक विचारू? रागावू नका. मध्ये एक पाण्याचं टेबल होतं म्हणालात ना? तुम्ही पळताना चष्मा काढता. त्या टेबलालाच वळण समजला नाहीत ना?"

मी अंगावर पाणी ओतत राहिलो.

तिचा हेतू वाईट नव्हता. पण त्या प्रश्नानं माझ्या डोक्यात घर केलं. वीरधवलनं मला लबाड म्हटलं ते मी एकवेळ सोसलं असतं. आता मीच मला विचारायला लागलो. कमान पाहिली होती का मी? की कमान असणार म्हणून पाहिली? शिवतेज पाण्याच्या टेबलापाशी नव्हता कशावरून? चष्म्याशिवाय मला सगळे रस्ते एकसारखे दिसतात. कपाटात ठेवलेलं पुस्तक तिथं नसलं की चूक माझीच असणार, असं मानणारा मी माणूस. शिवतेजला जाऊन विचारलं की संपलं, हे कळत होतं. पण तो 'पाण्याच्या टेबलापाशी हुतो' म्हणाला तर? मी त्याच्या दुकानाचा रस्ताच टाळायला लागलो. वर्षभर मंडळातले लोक बाजारात भेटत, वाकून नमस्कार करत आणि मी पुढं गेलो की हळूच हसत. किंवा हसत नसतीलही. मला तसं वाटायचं. पाया पडायला सगळे तयार, खरं मानायला कुणी नाही.

डिसेंबरात मी साताऱ्याला बहिणीकडं, राजेश्वरीकडं गेलो होतो. तिच्या नातीनं घाटातल्या एका छोट्या शर्यतीत माझं नाव परस्पर घालून टाकलं. मी नको नको म्हणत होतो. पण तिथं मला कुणी ओळखत नव्हतं, हे सकाळी जमलेल्या गर्दीत लक्षात आलं आणि पाय हलके झाले. चढ वाईट होता. निम्मा मी चालतच गेलो. वरच्या वळणावर खोकल्यानं बेजार झालेली एक मुलगी रबरांचा जुडगा घेऊन उभी होती.

"ओ काका, हात! पटकन! मागं रांग हाय!"

मी हात पुढं केला. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. रबर ताणून असं सोडलं की मनगटावरचे दोन केस उपटून आले. "चला, चला, पुढं!"

मी पुढं गेलो. दरीच्या कडेला पोचेपर्यंत माझे डोळे भरून आले होते, आणि मग एकदम असा संताप आला की उतारावर पाय आवरेनात. ह्या पोरीनं मला ना आदर दाखवला, ना नमस्कार केला. फक्त इतरांना दिलं तेच मला दिलं. एवढंच हवं होतं मला! एवढंच. आणि माझ्या गावानं मला शाल देऊ केली होती.

इस्लामपूरला एसटीतून उतरलो तेव्हा ते रबर हातातच होतं. स्टँडसमोर मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर मी. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकातला जुना फोटो, गळ्याखाली कापलेला, आणि शेजारी अक्षरं: 'ज्येष्ठ प्रेरणास्थान सुमंत सर यांचा भव्य सत्कार'. मी उत्तर दिलं नाही तो त्यांनी होकार धरला होता. फ्लेक्सवरचा मी हसत होतो.

घरी न जाता पिशवीसह दुकानात गेलो. ठिबकच्या काळ्या नळ्यांच्या गुंडाळ्यांमध्ये वीरधवल बसला होता.

"या, या, सर! शिवा, सरांना खुर्ची दे. आणि चहा सांग."

शिवतेज खुर्ची घेऊन आला. ती ठेवली आणि सवयीनं खाली वाकला. मी पाय मागं घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. तो वाकलेलाच राहिला.

"शिवतेज, गेल्या वर्षी तू कुठं उभा होतास?"

"कमानीपाशी, सर."

"पाण्याच्या टेबलापाशी नव्हतास?"

"न्हाई, सर. तितं बायका हुत्या. मी कमानीपाशीच. तुमी आला, मी पाया पडलो, गोळी दिली. इसरला व्हय?"

मी खुर्चीची पाठ धरली. वर्षभर जे मी स्वतःला विचारत होतो त्याचं उत्तर इतकं सोपं होतं आणि ते ह्या दुकानात, नळ्यांच्या ढिगात पडून होतं.

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

शिवतेजनं मालकाकडं पाहिलं. "सांगितलं की. संध्याकाळीच दादास्नी सांगितलं."

वीरधवल हसला. ते हसू मी विसरणार नाही. त्यात ओशाळेपण होतं, पण फार थोडं. "आता बघा, सर. मी तवर सासऱ्यांना, आमच्या मामांना, कप देऊन बसलो होतो. मामा उघड्या जीपमधनं गावभर कप मिरवून आले. काढून घेऊ का त्यांच्या हातातनं? मला घरात जेवायला मिळायचं न्हाई."

"तू मला लिहिलंस, वयोमानानुसार."

"आवं, ते आपलं लिहायचं म्हणून. त्यात एवढं काय? म्हणून तर सत्कार ठेवलाय. कप काय, कुणालापण मिळतो. शाल मिळतीय तुमाला! आमदारांच्या हस्ते! आता पहिला नंबर मोठा का शाल मोठी, तुमीच सांगा."

मला ओरडायचं होतं. अरे, तुला माहीत होतं! मी वर्षभर माझ्याच डोळ्यांवर, माझ्याच डोक्यावर संशय घेत होतो, रात्र रात्र कमान आठवत होतो, आणि तुला त्याच संध्याकाळपासून माहीत होतं! हे सगळं घशापर्यंत आलं. तेवढ्यात चहा आला.

"चहा नको," मी म्हणालो.

एवढंच. पिशवी उचलली आणि निघालो. पाठीमागं वीरधवल म्हणाला, "रविवारी गाडी पाठवतो, सर!"

रस्ताभर मी स्वतःला शिव्या घातल्या. चहा नको! घरी पोचलो, चपला काढल्या, तसाच टेबलाशी बसलो आणि लिहिलं. ह्या वेळी ओळ मऊ आहे की उद्धट, हे पाहिलं नाही. गोदावरी येऊन शेजारी उभी राहिली. कमानीपाशी शिवतेज होता, आणि वीरधवलला त्याच दिवशी कळलं होतं, एवढं मी तिला सांगितलं. "मीपण तुम्हाला चष्म्यावरून विचारलं होतं," ती म्हणाली. मग कागद उचलून वाचला.

"'कृपया' दोनदा आलंय. एक काढा."

मी दोन्ही काढले.

'वीरधवल,

मी गेल्या वर्षी कमानीपर्यंत गेलो होतो. हे तुला त्याच दिवशी कळलं होतं. तरी तू मला पत्रात वयोमानानुसार असं होऊ शकतं म्हणून लिहिलंस. माझ्या वयानं काही केलेलं नाही. केलंस ते तू.

सत्काराला मी येणार नाही. फ्लेक्स उतरव. कप उदयसिंहांकडंच राहू दे. पण ज्या माइकवरून मी मधनं वळलो असं गावाला ऐकवलंस, त्याच माइकवरून मी वळणापर्यंत गेलो होतो हे सांग. ते सांगितलं नाहीस, तर हेच पत्र मी मैदानात उभा राहून वाचीन. माझा आवाज लहान आहे. तरी वाचीन.

दौडीसाठी इतरांसारखंच माझं नाव लिही. वळणावर माझ्या कुणी पाया पडू नये. हातात रबर घालावं.

सुमंत'

दुकान चालत गेलं तर दहा मिनिटांवर आहे. तरी मी पोस्टात गेलो. त्याच्या हातात दिलं असतं तर त्यानं खुर्ची मागवली असती. खिडकीतल्या माणसानं पत्ता वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"सर, हे तर इथलंच की. मोबाईलवर पाठवायचं."

"नाही. रीतसर पाठवायचंय."

त्यानं पाकीट वजनकाट्यावर टाकलं, शिक्का मारला. मनगटावरचं साताऱ्याचं रबर मी बोटानं फिरवत उभा होतो.

"पोच पाहिजे?"

"पाहिजे," मी म्हणालो. रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं, इतक्या मोठ्यानं.