बर्फ तारण घेतलेली बँक

"तुला खोटं वाटेल, वाटू दे. पण आपली बँक एकदा डावीकडे कलली होती. चांगली हातभर!" रिटायर झालेल्या कॅशियरकाकांनी गालावरच्या फेसातून जाहीर केलं.

न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला. बँक गाळात चालल्याची आवई सकाळीच दुकानात येऊन गेली होती. नव्या खुर्चीसाठी त्यानं सहा वर्षं साठवलेले पैसे त्याच बँकेत होते. पासबुक खिशात तयार होतं आणि दोनला काउंटर बंद होणार होता.

"काका, उरलेला गाल आल्यावर करतो."

"मला असा अर्धा सोलून पळतोस? थांब. कर्जं तेव्हाही बुडाली होती. बर्फाच्या कारखानदाराला साहेबांनी कर्ज दिलं. तारण काय, तर बर्फ! हप्ते थकले, आम्ही जप्तीला गेलो, तर हाती आलं बादलीभर पाणी. एकेक कर्ज बुडालं की इमारत बोटभर कलायची. दारातून आलेलं गिऱ्हाईक घसरत थेट माझ्या खिडकीशी!"

"म्हणून तुमच्याकडे रांग कधी पुढे सरकली नाही. सगळे एकावर एक पडलेले!" न्हावी म्हणाला. वस्तरा मात्र पुन्हा चालू लागला.

"मग तपासनीस आला, ओळंबा घेऊन. म्हणाला, लोकांच्या ठेवींवर उड्या मारताय होय? जितकी कर्जं वाटाल, त्या मानानं तुम्ही मालकांनी स्वतःचं भांडवल खाली घाला. बुडालं तर आधी तुमचं बुडेल, ठेवीदाराचं मागाहून. संचालकांनी तोंडं वाकडी केली, पण पैशांची पोती आणली. तिजोरीत पोतं पडलं की इमारत कुरकुरत सरळ!"

"आणि तुम्ही?"

"तोवर भिंत माझ्या खांद्यावर. जेवायच्या सुट्टीतसुद्धा!"

पावणेदोन झाले. न्हावी घुटमळला. "तो नियम अजून आहे ना, काका?"

"आहे म्हणजे? माझी सगळी पुंजी तिथंच पडलीय. मी हललोय का? मिशी नीट काप."

न्हाव्याला हायसं वाटलं. पैसे राहू द्यावेत म्हणत तो टॉवेल घ्यायला वळला. खुंटीवर काकांचा कोट होता. खुंटी भिंतीतून निम्मी उखडून खाली वाकली होती. त्यानं कोटाचा फुगलेला खिसा बाहेरून चाचपला आणि अंगातला एप्रन काढला.

"काका, बँक सरळ झाली म्हणता, मग माझी खुंटी कशानं कलली? तुमची पुंजी बँकेत नाही, या कोटात आहे!"